झडप क्रमांक चौदा

यंत्रांची ड्रॉइंग काढणाऱ्यांच्या जगात एक नियम आहे. बाहेरच्या माणसाला तो सांगितला की त्याला हमखास हसू येतं. वस्तू काचेची असो की स्वच्छ प्लॅस्टिकची, ती कितीही आरपार दिसत असली तरी कागदावर आरपार दिसत नाही असं समजूनच काढायची. काचेचा पेला काढायचा तो पितळेचा असल्यासारखा. कारण सरळ आहे. डोळ्यांना काय दिसतं ते सांगायला फोटो आहेत. तिथे काय आहे ते ड्रॉइंगने सांगायचं असतं, मग ते दिसो वा न दिसो.

सुचेता मगदूम हा नियम ड्रॉइंग ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवत असे. सव्वीस वर्षं ऐकवत होती. समोरचा हसे, ती हसत नसे. आणि सन २०४१ च्या जानेवारीत, एका साध्या गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीआधी दहा मिनिटं, तिने तो स्वतःच मोडला. मोडला हे कळायला मार्च उजाडला.

ती काम करायची तो कारखाना कोल्हापूरजवळ, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत होता. नाव नितळ यंत्रशाळा. तिथे 'कूस' बनत असे. नावावरूनच यंत्राचं काम कळावं. जी बाळं साडेपाच-पावणेसहा महिन्यांतच जन्माला येतात, त्यांची फुप्फुसं हवा घ्यायला तयार नसतात. त्यांना हवेत ठेवून नळ्यांनी श्वास द्यायचा म्हणजे कच्च्या घरावर स्लॅब टाकण्यातला प्रकार. त्यापेक्षा त्यांना परत पाण्यात ठेवावं, असा विचार डॉक्टरांनी केला. कोमट, किंचित खारं पाणी भरलेली पिशवी, प्राणवायू नाळेतून, आणि महिना-दीड महिना बाळाने आत निवांत वाढायचं.

पहिल्या कुशीत एक अडचण होती. बाळ नीट दिसत नसे. पाण्यात काठी बुडवली की ती मोडल्यासारखी दिसते, कारण एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना प्रकाश वळतो. आणि वळतो, कारण प्रत्येक पदार्थात त्याचा वेग निराळा असतो. पिशवी, तिची मान, आतल्या नळ्या, सगळीकडे प्रकाश असा वळत आणि चमकत राही. कॅमेऱ्याला बाळाचं नाक कुठे संपतं आणि नळी कुठे सुरू होते ते कळत नसे. मग कुणीतरी 'नीर' नावाचं प्लॅस्टिक तयार केलं. पाण्यात प्रकाश जितका मंदावतो, नेमका तितकाच नीरमध्येही मंदावतो. आपण पाण्यातून निघून प्लॅस्टिकमध्ये शिरलो हे प्रकाशाला समजतच नाही, त्यामुळे तो वळत नाही, चमकत नाही. नीरची वस्तू कोरडी असताना काचेसारखी दिसते आणि त्या खाऱ्या पाण्यात बुडवली की नाहीशी होते. हात घातला तर लागते, डोळ्यांना दिसत नाही. नव्या कुशीत पाणी भरलं की मान, नळ्या, आधाराचे दांडे सगळं गायब होई आणि बाळ तेवढं उरे. डॉक्टर त्याची नखंसुद्धा मोजू शकत.

बाळाभोवतीचं पाणी ताजं राहावं म्हणून शेजारी एक लहान पंप असे. पंपातला पडदा एकवीस दिवसांत थकतो, मग पंप बदलायचा. नवा जोडेपर्यंत मिनिटभर नळीचं तोंड उघडं राहतं. तेवढ्यात पाणी उलटं वाहून जाऊ नये म्हणून पिशवीच्या मानेत एक पातळ झडप असते. कागदोपत्री झडप क्रमांक चौदा, कारखान्यात सगळे तिला फ्लॅप म्हणत. अंगठ्याच्या नखाएवढी. पाणी आत येताना वाकून वाट देते, परतायला लागलं की दाबून बसते. ती नसेल तर पाऊण मिनिटात पिशवी रिकामी होते आणि ज्याला अजून श्वास घेता येत नाही ते बाळ उघड्यावर पडतं. ही झडपही नीरचीच होती, कारण ती नेमकी कॅमेऱ्याच्या वाटेत येई.

आता तो गुरुवार. कारखान्याचे मालक अभिनंदन उपाध्ये स्वतः वर ड्रॉइंग ऑफिसात आले. तरुण होते, वाईट नव्हते, फक्त देखणेपणाचं वेड होतं.

"मॅडम, आपलं सगळं वैशिष्ट्य आरपार दिसण्यात आहे," ते म्हणाले, "आणि आपल्या ड्रॉइंगमध्ये कूस म्हणजे मातीचं मडकं दिसतंय. हेच चित्र दवाखान्याच्या पुस्तकात जाणार. जरा आरपार दाखवा की."

सुचेताने नियम सांगितला. त्यांनी ऐकला आणि पुन्हा तेच म्हटलं. तिने पुन्हा सांगितला. तिसऱ्या वेळी तिला भूक लागली होती. संगणकावर प्रत्येक पदार्थासाठी एक सरकपट्टी असते, शून्यावर वस्तू भरीव दिसते, शंभरवर नाहीशी होते. तिने नीरची पट्टी पंच्याऐंशीवर नेली. कूस फार सुंदर दिसली. फक्त पट्टी एका भागाची नव्हती, पदार्थाची होती. पिशवीबरोबर झडपही विरली आणि तिची बारीक कड मानेच्या जाड रेषेमागे बरोबर लपली. भागांची यादी आता संगणक आपण होऊन करतो, चित्रात दिसतील तेवढ्यांनाच नंबर देतो. ही सोय आहे असं कुठेतरी कुणाला तरी वाटलं होतं. झडप दिसेना, म्हणून यादीतून गेली आणि तिचा चौदा नंबर पुढच्या रबरी कड्याला मिळाला.

कोणतंही ड्रॉइंग तपासल्याशिवाय खाली जात नसे. तपासायचा अधिकार एकाच व्यक्तीला होता, सुचेता मगदूमला. दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर लाल खुणांचा सडा घालणाऱ्या बाईने स्वतःच्या ड्रॉइंगवर सही केली आणि डबा उघडला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

खाली शॉपमध्ये कुशी जोडण्याचं काम जोतिराम मगदूमकडे होतं. तो तिचा नवरा. कंपनीत तो तिला 'मॅडम' म्हणे आणि ती त्याला 'मगदूम'. संध्याकाळी गेटबाहेर गाडीवर बसलं की 'अहो' आणि 'सुचे' सुरू होई. लोकांना याची गंमत वाटे. जोतिरामच्या हाताला यश होतं. वैद्यकीय यंत्र जोडणाऱ्याला सरकारी प्रमाणपत्र लागतं, ते जिल्ह्यात पहिलं त्याला मिळालेलं. त्याची पहिलीच अट अशी, की ड्रॉइंगबाहेर एक वायसरही बसवायचा नाही.

त्याच आठवड्याच्या सोमवारी दोघांचं वाजलं होतं. एका पट्टीतलं भोक चुकीच्या जागी आहे असं म्हणत जोतिराम वर आला. भोक बरोबर होतं, त्याच्याच हातात जुनं ड्रॉइंग होतं. एवढ्यावर विषय संपायचा, पण सुचेता सकाळपासून वैतागलेली होती. आठ माणसांसमोर ती म्हणाली, "मगदूम, आधी ड्रॉइंग वाचायला शिका. त्यात आहे ते बसवा, नाही ते बसवू नका. डोकं चालवायला आम्ही वर बसलोय."

जोतिराम "बरं" म्हणाला आणि खाली गेला. त्यानंतर तो वर आलाच नाही. घरी बोलणं-चालणं, जेवणखाण नेहमीसारखं राहिलं. सुचेताला वाटलं, मिटलं.

मार्चमधल्या एका बुधवारी, सकाळी साडेअकराला, फोन आला.

"मॅडम, मिरजेहून एस्तर सिस्टर बोलतेय, बाळांच्या वॉर्डातून. बारीकशी शंका होती. तीन नंबरच्या कुशीचा पंप आज चार वाजता बदलणार आम्ही. पहिलाच बदल आहे, म्हणून पुस्तक घेऊन बसलेय. त्यात लिहिलंय, झडप क्रमांक चौदा बंद झाल्याची खात्री करून मगच पंप सोडवा. आणि चित्रात चौदा नंबरला रबरी कडं दाखवलंय. कडं कसं हो बंद होणार?"

सुचेताने फोन कानाला तसाच ठेवून ड्रॉइंग उघडलं. नीरची पट्टी शून्यावर आणली. मानेत झडप उगवली. पट्टी पंच्याऐंशीवर नेली, झडप गेली. 

"सिस्टर, पंप बदलू नका."

"कालपासून पिवळा दिवा लागलाय, मॅडम. डॉक्टर म्हणालेत, आजच्या पलीकडे नेता येणार नाही."

"मग चारच्या आत मी तिथे पोचते. तोवर हात लावू नका. झडप कदाचित बसवलेलीच नाही."

 "या," एस्तर सिस्टर म्हणाल्या.

सुचेता खाली शॉपमध्ये गेली. जोतिराम एका मानेत कडं बसवत होता.

"मगदूम, या कुशींच्या मानेत फ्लॅप बसवला होता का?"

त्याने वर पाहिलं नाही. "ड्रॉइंगमध्ये न्हाई तो."

"ते मला माहीत आहे. बसवला होता का?"

"ड्रॉइंगमध्ये न्हाई म्हटल्यावर कसा बसवणार, मॅडम?"

हे उत्तर नव्हतं, उलटा प्रश्न होता. पण घाईत असलेल्या माणसाला तेवढा फरक कळत नाही. सुचेताने ते उत्तर धरलं आणि ती उपाध्यांच्या केबिनमध्ये गेली.

"आठ यंत्रं बाहेर गेलीत," ती म्हणाली. "पाच रिकामी आहेत, ती कोरडी करून बघता येतील. तीन मिरजेत आहेत, तिन्हींत बाळं आहेत. पाणी काढल्याशिवाय झडप दिसत नाही आणि बाळ आत असताना पाणी काढता येत नाही. चूक माझी आहे."

उपाध्ये पांढरे पडले. "आधी खात्री करू, मॅडम. खात्रीशिवाय बाहेर शब्द गेला तर परवाना जाईल. एकशेचाळीस माणसं आहेत खाली."

"शब्द गेलाय. मीच सांगितलंय त्यांना."

 उपाध्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "माझी गाडी न्या, लवकर पोचाल," म्हणाले. सुचेताला त्यांचा राग यायचा होता, तो राहून गेला.

न दिसणारी वस्तू आहे की नाही ते बघायचं कसं, याचा तोडगा तिच्या डोक्यात जिन्यातच आला होता. तपासणीच्या खोलीत दोन काळसर चकत्या असत, प्लॅस्टिकमधला ताण बघायला. साध्या प्रकाशाच्या लाटा सगळ्या बाजूंनी थरथरत असतात. अशी एक चकती त्यातली एकाच दिशेची थरथर पुढे सोडते. दुसरी चकती तिला आडवी धरली की तीही अडते आणि समोर काळोख होतो. पण दोहोंच्या मध्ये ताणलेलं किंवा वाकलेलं प्लॅस्टिक असेल तर ते ती थरथर फिरवतं, आणि काळोखात रंग उमटतात. प्लॅस्टिक निवांत पडलं असेल तर काही दिसत नाही. पंप चालू असताना झडप पाण्याच्या जोराने वाकलेली असते. असेल तर रंग दाखवीलच.

चकत्या घेऊन ती गेटवर आली तेव्हा हत्यारांची पेटी घेऊन जोतिराम गाडीपाशी उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. किल्ली घेऊन तो चालवायला बसला. हातकणंगले गेलं, जयसिंगपूर गेलं, ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांच्या मागे दोनदा थांबावं लागलं. जोतिरामने दोनदा बोलायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा नुसता गिअर बदलला. सुचेताला वाटलं, तोही घाबरलाय.

वॉर्डात तीन कुशी ओळीने होत्या. एस्तर सिस्टर बुटक्या, पन्नाशीच्या, चष्मा साखळीने गळ्यात. तिसऱ्या कुशीजवळ स्टुलावर एक तरुण बाई बसली होती. म्हैसाळची पूनम माने. आत तिची मुलगी होती, तेविसाव्या आठवड्यात आलेली, आता सव्विसावा चालू. अंग मुडपून वीत आणि वर दोन बोटं, एवढी लांबी. ती काही नसलेल्या जागेत तरंगत होती आणि मधूनच टाच हलवत होती. सुचेताने कूस शेकडो वेळा काढली होती, भरलेली पहिल्यांदाच पाहिली.

"कोण हो या?" पूनमने विचारलं.

"कंपनीच्या बाई आहेत. यंत्र बघायला आल्यात," एस्तर सिस्टर म्हणाल्या.

सुचेताने पहिल्या कुशीमागे दिवा आणि एक चकती धरायला सिस्टरना सांगितलं, दुसरी स्वतःच्या डोळ्यांपुढे धरून हळूहळू फिरवली. बाळ अंधारत गेलं, पिशवी काळी झाली, आणि मानेत एक अर्धचंद्र उमटला. एका कडेला हिरवा, दुसऱ्या कडेला तांबडा, पाण्याच्या ठोक्याबरोबर किंचित थरथरणारा.

तिने चकती खाली केली, पुसली, पुन्हा धरली. अर्धचंद्र तिथेच होता.

दुसऱ्या कुशीतही होता. तिच्या छातीवरचा दगड उतरला. झडपा होत्या! कशा होत्या, कुणी बसवल्या, हा विचार मागून आला. ती तिसऱ्या कुशीकडे वळली, तोच मागून जोतिराम हळूच म्हणाला,

"तिसरीत न्हाई."

त्याने अजून चकतीतून पाहिलंही नव्हतं. तो खिडकीपाशी उभा होता, पेटी हातात घेऊन.

सुचेताने तरीही चकत्या धरल्या. पूनमची मुलगी अंधारात गेली. मान काळी, रिकामी. तिने दोन-तीन कोनांतून पाहिलं, पण चंद्र नव्हता.

ती त्याला वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात घेऊन गेली.

"तुम्हाला माहीत होतं."

"पहिल्या दोन हाताच्या सवयीनं जोडल्या," जोतिराम म्हणाला. "जुन्या कुशीत बसवायचो तसा हितंबी फ्लॅप बसवला, नीरचा. तिसरी घेतली तवा ड्रॉइंग नीट वाचलं. त्यात न्हाई. म्हटलं, नव्या मालात लागत नसंल. मग म्हटलं, असं कसं, पाणी परतणार की. सुचेचं चुकलंय."

"मग?"

"मग वर यावं म्हटलं. निघालोबी. आन् तुझं त्ये बोलणं आठवलं, आठ जणांपुढचं. म्हटलं, ड्रॉइंगमध्ये न्हाई तर न्हाई. कळू दे एकदा."

"आणि पहिल्या दोनातले काढले का नाहीत?"

"काढवंना." त्याने पेटी दुसऱ्या हातात घेतली. "सकाळी सांगायला पायजे हुतं. प्रमाणपत्राचं भ्या वाटलं. रस्त्यानं बी सांगणार हुतो."

सुचेताला भयंकर राग आला. कळू दे एकदा! कुणाला कळू दे, आत वीतभर पोर आहे! आणि त्याच रागाच्या पोटात लाज होती, कारण हा माणूस कधीच डूख धरणारा नव्हता. पंधरा वर्षं तो तिच्या ड्रॉइंगवरच्या शंका वर येऊन विचारत आला होता. त्याचं वर येणं तिने एका वाक्यात बंद केलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. पण सव्वादोन वाजले होते आणि रागवायला वेळ नव्हता.

डॉक्टर नदाफ आले. त्यांनी ऐकून घेतलं, आरडाओरडा केला नाही. "नळीला चिमटा लावून ती बंद करू आणि पंप बदलू," म्हणाले.

"ही नळी दबत नाही," सुचेता म्हणाली. "कुणाचा पाय पडून बाळाचं पाणी अडू नये म्हणून आत तारेची वीण घातलीय. चिमट्याने ती पूर्ण बंद होणार नाही, आणि जोर केला तर फुटेल."

"दुसऱ्या कुशीत हलवायचं म्हटलं तर नाळेच्या जोडण्या सोडवाव्या लागतील. या वजनाला मी ते करणार नाही."

 एस्तर सिस्टर साखळीतला चष्मा पुसत होत्या. त्या जराशा संकोचानेच म्हणाल्या, "मला यंत्रातलं कळत नाही. पण सलाईनची बाटली खाली गेली की नळीत रक्त उलटं चढतं, आणि वर टांगली की चढत नाही. पंप आता खाली कप्प्यात आहे. तो वर टांगला तर पाणी परतेल का?"

 सुचेताने पर्समधून कागद काढला. पिशवीतल्या पाण्याला दाब असतो, खऱ्या गर्भाशयात असतो तेवढा. तो दाब नळीत पाणी फार तर वीतभर वर चढवील. नळी मीटरभर लांब. पंपाचा जोड पाण्याच्या पातळीपेक्षा दोन हात वर नेला, तर नळी उघडली तरी पाणी वीतभर चढेल आणि तिथेच उभं राहील. झडपेची गरजच नाही. एकवीस पानांच्या पुस्तकात हे कुठे नव्हतं.

"नाही परतणार, सिस्टर," ती म्हणाली.

जोतिराम कामाला लागला. सलाईनचा स्टँड आडवा-उभा बांधून त्याने पंपासाठी घोडी केली, कूस ठेवलेली खाट सगळ्यात खाली उतरवून घेतली. जास्तीची नळी आणि बादली घेऊन तीनदा रंगीत तालीम केली. त्याचे हात नेहमीसारखे होते, शांत आणि नेमके. सुचेता बाजूला उभी राहून लागेल ते हत्यार देत होती. दोघांनी एकमेकांना कोणत्याच नावाने हाक मारली नाही.

चार वाजून तीन मिनिटांनी डॉक्टरांनी मान हलवली. जोतिरामने पंप सोडवला. पिशवीतली पातळी बोटभर उतरली. नळीत पाणी चढलं, वीतभर, आणि थांबलं. एस्तर सिस्टर मोठ्याने सेकंद मोजत होत्या. त्रेपन्नला नवा पंप बसला आणि हिरवा दिवा लागला. पोरीने टाच हलवली.

"काय झालं वो?" पूनमने विचारलं.

"पंप बदलला," एस्तर सिस्टर म्हणाल्या.

"एवढंच व्हय?" पूनम म्हणाली आणि पुन्हा स्टुलावर बसली. संध्याकाळी डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं. त्यानंतर ती दोन दिवस स्टुलावरून उठली नाही.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. कारखान्याला टाळं लागलं. पाच रिकाम्या कुशी कोरड्या करून उघडल्या, एकीतही झडप नव्हती. तीन आठवड्यांनी चौकशी झाली. निरीक्षक टिकेकर म्हणून होते, आवाज न चढवणारे. त्यांनी दोघांना तेच छापील प्रश्न वेगवेगळ्या कागदांवर दिले होते आणि एकमेकांना न दाखवता उत्तरं लिहून आणायला सांगितली होती. मगदुमांच्या घरात एका रात्री एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून दोघांनी ती लिहिली. मधे भाजीचं पातेलं होतं.

सुचेताने बाकी सगळं सविस्तर लिहिलं होतं. सरकपट्टी, यादी, स्वतःची सही. टिकेकर एकेक उत्तर बघत नवव्या प्रश्नाशी थांबले. प्रश्न होता, 'जोडणी करणाऱ्यास शंका आली होती काय? आली असल्यास त्याने कोणास विचारले?' त्यांनी तिचं उत्तर मोठ्याने वाचलं.

"'शंका आली होती. त्याने विचारले नाही. विचारण्याची सोय मी ठेवली नव्हती.'" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "याचा अर्थ कळतो ना, बाई? तपासणीचा अधिकार कायमचा जाईल."

"कळतो," सुचेता म्हणाली.

टिकेकरांनी दुसरा कागद पुढे ओढला. "मगदूम, तुम्ही नववा प्रश्न कोराच ठेवलाय. बाई म्हणतात ते बरोबर असेल तर तुम्ही वरच्या हुकमाप्रमाणे वागलात, एवढंच ठरतं. तुमचं प्रमाणपत्र राहील. नसेल तर ते जाईल आणि या कामात तुम्हाला पुन्हा कुणी उभं करणार नाही. तेव्हा नीट विचार करून सांगा. बाईंनी लिहिलंय ते खरं आहे?"

जोतिराम उभा राहिला. त्याला बसून बोलायची सवय नव्हती. सुचेताने त्याच्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनी सांगितलं, हो म्हणा. तिला त्याचा राग अजून गेला नव्हता, पण त्याचे हात रिकामे राहावेत असं तिला एक क्षणही वाटलं नव्हतं.

"न्हाई साहेब," जोतिराम म्हणाला. "सोय हुती. बारा पायऱ्यांचा जिना हाय तिथं. मी चढलो न्हाई."

सुचेताला रडू आलं. टिकेकरांनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला आणि जोतिरामचं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं.